तलफ, रेघ आणि गट : व्यसनमुक्तीतील ध्यानरेखन सत्रांच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

प्रकल्पाची व्याप्ती आज लेखी ठरवली. व्यसनमुक्तीचे निवासी उपचार पूर्ण करून पाठपुराव्यासाठी येणाऱ्या व्यक्तींचे आठवड्यातून एकदा रेखाटनाचे सत्र घ्यायचे आणि त्या अनुभवातून, तलफ आली असता कोणालाही घरी एकट्याने उघडता येईल असा एक लहानसा संच तयार करायचा, एवढेच हे काम आहे. याला कलोपचार म्हणायचे नाही, असे समुपदेशकांशी बोलून ठरले. कलोपचार ही स्वतंत्र प्रशिक्षणाची शाखा आहे, तिच्यात चित्र आणि मनःस्थिती यांचा संबंध लावण्याचे काम येते, आणि मी केवळ रेखाटन शिकवणारा माणूस आहे. मी स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला असल्यामुळे गटाला माझ्याशी बोलणे सोपे जाईल. पण त्याच कारणाने मी न विचारता सल्ले देऊ लागेन, अशीही शक्यता आहे. म्हणून सत्राच्या वेळेत कागद आणि रेघा माझ्याकडे, बाकी सर्व समुपदेशकांकडे, अशी विभागणी केली.

प्रवेशाची अट एकच आहे. विथड्रॉवलचा, म्हणजे नशा थांबवल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचा, काळ संपला असे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणालाही सत्रात घ्यायचे नाही. दीर्घकाळ रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी थांबवली, तर पहिल्या ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत भ्रम, कंप आणि ताप यांसह डिलिरियम ट्रेमेन्स उद्भवू शकतो, जो उपचार न मिळाल्यास जिवावर बेततो. त्या अवस्थेतल्या माणसाला औषधे आणि देखरेख लागते. त्याच्या हातात पेन देणे हा निव्वळ आपल्या उत्साहाचा भाग होईल.

११ जानेवारी

साहित्य ठरवण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. चित्रकलेच्या वर्गात सहज वापरल्या जाणाऱ्या अनेक वस्तू इथे चालत नाहीत. परमनंट मार्कर, अल्कोहोलच्या शाईचे मार्कर, व्हाइटनर, थिनर आणि तीव्र वासाचा डिंक हे सर्व बाद केले. गटात हुंगण्याच्या नशेतून बाहेर पडलेली व्यक्ती असू शकते आणि तसे कोणी नसले, तरी स्पिरिटसारखा वास हाच अनेकांच्या बाबतीत तलफ जागी करणारा संकेत ठरतो. पाण्याच्या शाईचे, वास नसलेले पेन घेतले. ब्लेड, उघडे शार्पनर आणि टोकदार कंपास काढून टाकले. गोल काढायचा असल्यास तो मोकळ्या हाताने काढता येतो आणि वाकडा आला तरी चालतो.

पेनाच्या टोकाविषयी एक बारीक मुद्दा नोंदवून ठेवतो. ०.१ मिलिमीटरचे टोक सुंदर रेघ देते, पण दारू सोडल्यानंतर काही जणांच्या बोटांतला सूक्ष्म कंप बरेच दिवस टिकतो आणि त्या हातात हे टोक कागदात रुतते, अडते, कधी वाकते. ०.५ मिलिमीटरची रेघ जाड असल्यामुळे कंप तिच्या जाडीत बराचसा सामावून जातो. आपला हात अजून थरथरतो हे कागदाने चारचौघांत दाखवून देऊ नये, यासाठी एवढा विचार पुरेसा आहे.

कागद चौरस आणि सुमारे ९ सेंटिमीटर बाजूचा, पोस्टकार्डाइतका जाड; यालाच पुढे कार्ड म्हटले आहे. हे माप नवे नाही. अमेरिकेतील रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी २००० नंतरच्या दशकात रूढ केलेल्या ‘झेनटँगल’ पद्धतीत साडेतीन इंची चौरस वापरतात. कोपऱ्यांत ठिपके, त्यांना जोडणारी चौकट, आत पेन्सिलची एक सैल रेघ आणि तिच्यामुळे पडलेल्या कप्प्यांत पुनरावृत्तीची नक्षी, असा तिचा क्रम असतो. ते नाव नोंदणीकृत आहे आणि त्याचे प्रशिक्षित शिक्षक वेगळे असतात, म्हणून आपल्या सत्रांना ते नाव लावायचे नाही. माप आणि क्रम यांतले जे उपयोगी वाटले, तेवढे घेतले आहे. मोठा कोरा कागद पाहून माणूस बिचकतो, तर एवढा चौरस वीस-पंचवीस मिनिटांत भरून होतो. तलफेची एक लाटही सहसा तेवढ्याच वेळात चढून ओसरते, हा योगायोग आमच्या पथ्यावर पडला.

१८ जानेवारी

सत्रात रेघा काढून नेमके काय साधणार आहे, असे संस्थेच्या डॉक्टरांनी विचारले. ‘मन शांत होते’ हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही, आणि मलाही वाटत नाही. त्यांच्यासाठी तयार केलेल्या टिपणाचा सारांश इथे ठेवतो.

डेव्हिड कॅव्हॅनॉ, जॅकी अँड्रेड आणि जॉन मे या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये तलफेविषयी एक सिद्धान्त मांडला. एखादा संकेत मिळताच विचार आपोआप डोकावतो, इथपर्यंत फारसे बिघडत नाही; पण माणूस त्या विचाराला खुलवत जातो, ग्लासचा स्पर्श, पहिला घोट, अंगात पसरणारी ऊब असे चित्र मनात रंगवतो, आणि तलफेला खरी ताकद या रंगवण्यातून मिळते. असे चित्र रंगवायला स्मृतीची जी तात्पुरती, कामापुरती जागा लागते ती मर्यादित असते, म्हणून डोळ्यांना आणि हाताला दृश्य-अवकाशाचे काम दिले, तर चित्राला जागा कमी पडते. या गटाच्या २०१५ मधील एका प्रयोगात ३१ विद्यार्थ्यांकडून आठवडाभर दैनंदिन तलफांच्या नोंदी घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या काहींना प्रत्येक वेळी तीन मिनिटे टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला दिला. खेळल्यानंतर तलफेची तीव्रता शंभराच्या मापावर सरासरी सुमारे १४ अंकांनी उतरली. तलफ नाहीशी झाली नाही. ती एवढीच उतरली की माणसाला निर्णय घेण्याइतकी फट मिळाली.

रेखाटनावरचे अभ्यास आणखी सावधपणे वाचायला हवेत. करी आणि कासर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मंडल (वर्तुळाकार नक्षी) किंवा चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर मनाला येईल तसे रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे पूर्ण मोकळीक देण्यापेक्षा थोडी चौकट असलेले काम अधिक निववते, असे दिसले. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कलाकाम करायला दिले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसोल हे तणावाशी निगडित संप्रेरक कमी झाले आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. यांपैकी कोणताही प्रयोग व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांवर केलेला नाही. म्हणून संचावर ‘सिद्ध झालेले’ हा शब्द येणार नाही, हे मी टिपणात स्पष्ट लिहिले.

व्यसनमुक्तीशी थेट संबंध असलेला पुरावा ध्यानाधारित कार्यक्रमाचा आहे. अ‍ॅलन मार्लॅट यांनी तलफेला विरोध न करता तिच्या लाटेवर तरून राहण्याची कल्पना मांडली आणि पुढे सेरा बोवेन, नेहा चावला व मार्लॅट यांनी आठ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राथमिक उपचार संपवलेल्या २८६ व्यक्तींचा १२ महिने मागोवा घेतला गेला. शेवटी ध्यानाच्या गटात अमली पदार्थ घेतल्याचे दिवस नेहमीचे उपचार घेणारा आणि पुनरावृत्ती रोखण्याचे प्रशिक्षण घेणारा अशा इतर दोन्ही गटांपेक्षा कमी होते आणि अतिमद्यपानही कमी होते. आमचे सत्र म्हणजे तो कार्यक्रम नव्हे, परंतु लाटेची कल्पना तिथूनच घेतली आहे आणि ती कोणाची हे संचात नमूद करायचे आहे.

२५ जानेवारी

पहिले सत्र झाले. आल्यावर प्रत्येकाने तलफेचा अंक शून्य ते दहाच्या मापावर चिठ्ठीवर लिहिला, अर्धा तास रेघा काढल्या, पुन्हा अंक लिहिला आणि शेवटी दहा मिनिटे ज्याला बोलायचे तो बोलला. चिठ्ठ्यांवर नावे नाहीत. या नोंदींतही येणार नाहीत.

नक्षी एकच दिली. कागदाच्या कडेला लहान अर्धवर्तुळ काढायचे, त्याला लगटून पण न टेकता दुसरी रेघ, तिच्या बाहेरून तिसरी, आणि जागा संपेपर्यंत असेच पुढे. पहिली पाच मिनिटे खुर्च्या सरकण्याचे, खाकरण्याचे आवाज होते. नंतर ते कमी झाले, पण शांतता सगळ्यांना मानवली नाही. एका गृहस्थांनी पेन ठेवले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचा नंतरचा अंक आधीपेक्षा वर गेला होता. समुपदेशकांच्या मते हे अनपेक्षित नाही, कारण नशेने इतकी वर्षे जे दडपून ठेवले, ते स्वस्थ बसल्यावर वर येते. पुढच्या वेळेपासून मधेच उठण्याची मुभा आधीच जाहीर करायची आणि दार उघडे ठेवायचे.

१ फेब्रुवारी

श्वास जोडून पाहिला. रेघ ओढताना श्वास सोडायचा, पेन उचलताना घ्यायचा. उच्छ्वास लांबला की त्या वेळेपुरते हृदयाचे ठोके मंदावतात, हा शरीराचा साधा नियम आहे आणि त्यासाठी कोणत्याही श्रद्धेची गरज पडत नाही. डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवा असे सांगितले की ज्यांना धास्ती वाटते, त्यांना हे सोपे गेले. डोळे उघडे राहतात, हाताला काम असते, आणि मन भरकटले तर रेघ आधीच्या रेघेला जाऊन टेकते व ते ताबडतोब दिसते. ध्यानात लक्ष कधी सुटले हे कळणे हाच अवघड भाग असतो. इथे तो कागदावर उमटतो.

मागच्या वेळी बाहेर गेलेले गृहस्थ आज दारापाशी खुर्ची घेऊन बसले आणि शेवटपर्यंत थांबले.

८ फेब्रुवारी

विशेष काही नाही. दुसरी नक्षी चौकटींची दिली. अनेकांना ती पहिल्यापेक्षा आवडली. पेन कमी पडले.

१५ फेब्रुवारी

आजच्या सत्राची नोंद सविस्तर ठेवतो, कारण संचाचा मजकूर तिच्यामुळे बदलला.

खोडरबर न देण्यामागचे कारण सांगताना, अशा रेखाटनात रूढ असलेले वाक्य मी वापरले : इथे चूक अशी काही नसतेच. यावर एक सद्गृहस्थ, जे सहसा बोलत नाहीत, पेन खाली न ठेवता म्हणाले, “सर, कागदावर ठीक आहे. हे वाक्य घेऊन मी घरी गेलो, तर मुलगी तोंडावर दार लावून घेईल.” खोलीत हसू फुटले, पण ते क्षणभरच टिकले.

त्यांचे म्हणणे खरे आहे. दहा-पंधरा वर्षे घर पोळले गेलेल्या माणसाला चुका नसतातच असे सांगणे म्हणजे त्याच्या घरच्यांनी जे सोसले ते पुसून टाकणे होय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) बारा पायऱ्यांपैकी आठवी पायरी ज्यांना आपण दुखावले त्यांची यादी करण्याची आणि नववी शक्य तिथे भरपाई करण्याची आहे. ज्या वाटेवर या पायऱ्या आहेत तिथे निर्दोषपणाची अशी खिरापत चालणार नाही. समुपदेशकांनी त्यांना पुढे बोलते केले. ते म्हणाले की, रेघ वाकडी गेली तर ती दिसू दे, पण तिथून पुढची रेघ कशी काढायची ते दाखवा.

मग तेच केले. फळ्यावर मुद्दाम एक रेघ भरकटू दिली आणि पुढची रेघ तिच्या वळणाला समांतर घेतली. तिसऱ्या-चौथ्या रेघेला ते वळण सौम्य झाले, सातव्या-आठव्या रेघेला नक्षीत त्या ठिकाणी फुगवटा राहिला, पण नक्षी तुटली नाही. मूळची भरकटलेली रेघ आत जशीच्या तशी दिसत होती. सगळ्यांनी आपापल्या कागदावर हे करून पाहिले आणि आजवरच्या सत्रांत इतक्या एकाग्रतेने काम झालेले मी पाहिले नव्हते.

संचातले ‘चूक नसते’ हे वाक्य काढले. त्या जागी ‘वाकडी गेलेली रेघ तशीच ठेवावी आणि पुढची रेघ तिच्या शेजारून काढावी’ अशी साधी सूचना घातली.

२२ फेब्रुवारी

मागच्या आठवड्याच्या प्रसंगावर समुपदेशकांनी एक जोड दिली. मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये व्यसनाच्या पुनरावृत्तीला आळा घालण्याविषयी जे लेखन केले, त्यात संयमभंगानंतरच्या मनोवस्थेचे वर्णन आहे. एकदा घेतल्यानंतर माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो, ‘आता सगळेच संपले, मग उरलेले तरी कशाला सोडायचे’ या हिशेबावर येतो आणि एका स्लिपचा, म्हणजे एकदा घसरण्याचा, पूर्ण रिलॅप्स होतो, व्यसन पुन्हा सुरू होते. पहिल्या घोटाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, नुकसान या निष्कर्षामुळे होते. चुकलेले कार्ड फाडून टाकणारा हात आणि ‘आता काय उरले’ म्हणणारे मन यांत साम्य आहे असे त्यांचे मत पडले. मला हे पटते, पण गटाला ते समजावून सांगू नये असेही वाटते. कार्डाचा अर्थ सांगायला लागलो की माझी भूमिका बदलेल. ज्याला दिसायचे त्याला ते दिसेलच.

कार्ड फाडण्याचे प्रकार या आठवड्यात झाले नाहीत. खोडरबर अजूनही मागितला जातो.

८ मार्च

एक अडचण वर आली आहे. गटातील एक तरुण रोज रात्री चार-चार तास रेखाटतो. कार्डे अप्रतिम आहेत. हात इतका सरावला आहे की मला त्याचे कौतुक करण्याचा मोह होतो. मात्र त्याने स्वमदत गटाच्या बैठकांना जाणे थांबवले आहे, स्पॉन्सरचे (गटातल्या अनुभवी मार्गदर्शकाचे) फोन तो उचलत नाही, आणि विचारल्यावर ‘मला आता याची गरज वाटत नाही, माझे रेखाटन आहे’ असे सांगतो. व्यसनाच्या काळात खोलीचे दार लावून घेण्याची जी सवय अंगी मुरली होती, तिलाच इथे प्रतिष्ठित निमित्त मिळाले आहे, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. मीही त्या दाराआड राहिलेला आहे.

समुपदेशकांशी चर्चा करून संचाची रचना बदलली. कार्डाच्या मागच्या बाजूला आता दोनच रकाने आहेत : रेखाटनानंतरचा तलफेचा अंक आणि ‘हे कार्ड कोणाला दाखवणार?’ दुसरा रकाना रिकामा राहिला तरी कोणी जाब विचारणार नाही, परंतु प्रश्न प्रत्येक वेळी समोर येईल. अंक पाचाच्या खाली उतरला नाही तर दुसरे कार्ड सुरू न करता फोन करावा, अशी सूचना ठळक अक्षरांत घातली, आणि तिच्याखाली तीन नावे व क्रमांक लिहिण्यासाठी जागा ठेवली. या तिघांना आधी विचारून ठेवावे, असेही लिहिले. तलफेच्या भरात ‘कोणाला त्रास द्यायचा’ हा संकोच फार सोयीचा ठरतो.

जाता जाता एक योग मनात राहिला आहे, तो इथे टिपून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग १९१८-१९ च्या सुमारास रोज सकाळी वहीत एक लहान वर्तुळाकृती काढत आणि त्यातून आपली त्या दिवसाची मनःस्थिती न्याहाळत. मंडलविषयीचे त्यांचे पुढचे चिंतन तिथून सुरू झाले. याच युंग यांनी जानेवारी १९६१ मध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे सहसंस्थापक बिल विल्सन यांना पत्र लिहिले, ज्यात माणसामाणसांतील खऱ्या सहवासाला व्यसनातून सुटण्याच्या वाटांमध्ये त्यांनी जागा दिली आहे. रोज एकट्याने वर्तुळे काढणाऱ्या माणसाने हे लिहावे, हे मला महत्त्वाचे वाटते.

२२ मार्च

दोन सत्रे गैरहजर राहिलेली एक बाई आज परत आली. मधल्या काळात तिने घेतली होती. ते तिने स्वतःच शेवटच्या बोलण्याच्या वेळेत सांगितले. कोणी उपदेश केला नाही. शेजारच्या बाईंनी आपला पेन तिच्यापुढे सरकवला आणि आजची नक्षी कुठून सुरू करायची ते बोटाने दाखवले.

सत्रानंतर डॉक्टरांनी तिला वेगळे भेटून तपासले. संचाच्या माहितीपत्रकात त्यांच्या सांगण्यावरून एक परिच्छेद वाढवला आहे : काही काळ पूर्ण बंद ठेवल्यानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि विशेषतः हेरॉइनसारख्या ओपिऑइड पदार्थांच्या बाबतीत पूर्वीची मात्रा घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो, म्हणून स्लिप झाली तर लपवू नये, लगेच कळवावे. बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन, नाल्ट्रेक्झोन किंवा व्यसनमुक्तीची इतर औषधे चालू असतील, तर रेखाटनाने बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करू नयेत, हेही त्यात आले. चित्रांच्या संचात हा मजकूर विजोड दिसतो, अशी एक सूचना आली होती. तो विजोड दिसला तरी राहील.

५ एप्रिल

अंकांच्या चिठ्ठ्या एकत्र करून पाहिल्या. बहुतेकांचा अंक सत्रानंतर उतरतो, काहींचा तेवढाच राहतो, थोड्यांचा चढतो. यावरून सरासरी काढून अहवालात घालावी, अशी संस्थेकडून विचारणा झाली. मी नकार दिला. तुलनेला दुसरा गट नाही. जे स्वेच्छेने येतात तेच मोजले जातात. आणि ज्याचा दिवस सर्वांत वाईट जातो तो त्या दिवशी येतच नाही, म्हणजे त्याचा अंक या ढिगात नसतो. सरासरी छापली की ती पुढे रेखाटनाचा पुरावा म्हणून फिरत राहील. व्यक्तीला मात्र स्वतःच्या अंकांचा उपयोग होतो. एकाच्या ध्यानात आले की त्याचा अंक नेहमी उपाशीपोटी आल्यावर चढलेला असतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार कारणे व्यसनमुक्तीच्या वर्तुळात सगळ्यांना पाठ असतात. त्याला ती आपल्याच अक्षरात सापडली.

कार्डांचे प्रदर्शन भरवण्याच्या प्रस्तावालाही गटाने नकार दिला. ज्याचे कार्ड, त्याचे. छायाचित्रेही घेतली जाणार नाहीत.

१९ एप्रिल

संच छपाईला दिला. त्यात कोरी कार्डे, ०.५ चा एक पेन, एक पेन्सिल, तीन नक्ष्यांची पायरी-पायरीने आखलेली पाने आणि एक माहितीपत्रक आहे. रात्रीसाठी वेगळी सूचना दिली, कारण व्यसन सुटल्यावर झोपेची घडी बसायला कित्येक महिने लागू शकतात आणि रात्री जाग आली की हात फोनकडे जातो. मंद प्रकाश, एकच कार्ड, ते भरले की दिवा बंद. माहितीपत्रकाचा मसुदा १५ फेब्रुवारीच्या सद्गृहस्थांना वाचायला दिला होता. त्यांनी ‘सर्जनशील प्रवास’ असलेली दोन वाक्ये खोडली, आणि कोणाला फोन करायचा ती ओळ शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणली.

८ मार्चच्या नोंदीतला तरुण बैठकांना पुन्हा जाऊ लागला आहे, पण तो संचामुळे की त्याच्या स्पॉन्सरने घरी येऊन दार ठोठावल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. पुढच्या तुकडीत नक्षी शिकवण्यात मदत करायला त्याला बोलवायचे का, याचा निर्णय समुपदेशक घेतील. सत्राच्या वेळेत एकच बदल मागितला गेला : शेवटची दहा मिनिटे बोलायला अपुरी पडतात, पंधरा हवीत. त्यासाठी रेखाटन पंचवीस मिनिटांवर आणले आहे.